श्वास दाखवणारी रेघ

मोपा गावची यशोदा पित्ताशयातले खडे काढून घ्यायला पेडण्यातल्या एका लहानशा खासगी इस्पितळात आली, ते १९९६ साल होतं. जानेवारीतलं धुकं ऑपरेशनच्या खोलीच्या काचेला टेकलं होतं. कुठूनतरी काजूच्या मोहोराचा वास येत होता. टेबलावर आडवी होताना तिने भूल देणाऱ्या डॉक्टर सुलोचनांचा हात घट्ट धरला.

"बाय, मी परत उठतलंय मां?"

"उठणार तर! मी उशाशीच बसलेय. आता या औषधाने तोंडात लसणीसारखी चव येईल, घाबरू नका."

"लसूण? मगे डाळीच्या आंबट्याक फोडणी..." यशोदा हसली आणि हसता हसताच झोपली.

सुलोचनांनी तिच्या घशातून नळी सरकवली आणि श्वास देणारी पिशवी दाबायला सुरुवात केली. यशोदाचा जबडा लहान होता. नळी आत कुठे गेली ते नीट दिसलं नव्हतं. छाती हलल्यासारखी वाटली. बोटावरचा चिमटा ऑक्सिजन नव्व्याण्णव दाखवत होता.

शेजारी आठवड्यापूर्वीच आलेलं एक यंत्र होतं. बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजून ते काळ्या पडद्यावर हिरवी रेघ काढायचं. दर श्वासाला रेघ चढायची, डोंगरमाथ्यावरच्या कातळी सड्यासारखी सपाट चालायची, मग उतरायची. सुलोचनांना तिच्याकडे बघत राहायचा नादच लागला होता. पडद्यावर कुणीतरी संथपणे डोंगर काढत बसलंय असं वाटायचं.

आज रेघ दोनदा किंचित उचलली गेली आणि आडवी झाली. खोलीतले सगळे आवाज पाण्याखालून आल्यासारखे लांब गेले.

"सुरू करू?" सर्जन गुरुदासांनी विचारलं.

"थांबा. श्वास परत येत नाहीय, नळी अन्ननलिकेत गेलीय."

"आकडा नव्व्याण्णव आहे, मॅडम. यंत्रच बिघडलं असेल."

असेलही, सुलोचनांच्या मनात आलं. वीस वर्षं त्यांनी स्टेथोस्कोप आणि रक्ताचा रंग यांच्याच भरवशावर माणसं झोपवली होती. पण झोपवण्याआधी यशोदाच्या छातीत ऑक्सिजन भरून घेतला होता. त्या शिदोरीवर ती काही मिनिटं गुलाबी दिसली असती. आकडा उतरेपर्यंत उशीर झाला असता.

त्यांनी नळी ओढून काढली, तोंडावर मास्क दाबला, पिशवी पिळली. एक. दोन. रेघ चढली.

मग यशोदाच्या डोक्याखाली घडी घातलेली चादर सरकवून त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. या वेळी श्वासनलिकेचं दार स्वच्छ दिसलं. पडद्यावर सड्यामागून सडा उमटू लागला. गुरुदास हातातली सुरी खाली ठेवून बघत राहिले.

"मी कापायला घेणार होतो," ते हळूच म्हणाले.

सुलोचनांनी चिकटपट्टी लावून नळी पक्की केली.

दुसऱ्या दिवशी यशोदा खाटेवर बसून पेज पीत होती. सुलोचनांना बघताच तिने वाटी बाजूला ठेवली.

"बाय, मी झोपेत काय बघलंय सांगू? काजूची बोंडां झाडावरसून सुटत, पण जमनीर पडत नाय. तशीच तरंगत. मी मधसून चलत गेलंय. एकय घाई नाय."

"मग?"

"मगे काय, भूक लागली." ती हसली.

सुलोचनांना दुसऱ्या वॉर्डात जायचं होतं. तरी त्या खाटेच्या कडेला बसल्या आणि म्हणाल्या, "ती बोंडं कसली होती, लाल की पिवळी?"