नोम पेन्हला राहिलेली नाव

मित्रांनो, मी एक जुनी शर्यतीची नाव आहे. खरं सांगायचं तर आता पुरती नावही उरलेली नाही. पण जन्म शर्यतीसाठी झाला, म्हणून अजून तसंच म्हणते.

कंबोडियात मेकाँग नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या एका गावच्या विहारात लोन नावाच्या सुतारआजोबांनी मला अखंड खोडातून कोरलं आणि आगीची धग देऊन माझ्या कडा फाकवल्या. दरवर्षी पाऊस ओसरला आणि तोन्ले साप नदीचं पाणी उलट फिरलं, की पाण्याच्या सणासाठी मला राजधानीला, नोम पेन्हला नेत. राजवाड्यासमोरच्या काठावर मुंगीला शिरायला जागा नसे. अनोळखी माणसंही आमच्यासाठी घसा फोडून ओरडत. माझ्यात सगळ्यांत पुढे योआन बसे, देखणा आणि बडबड्या. जिंकलो की तो आधी मला थोपटे, मग स्वतः पाणी पिई.

मग बंदूकवाल्यांच्या राजवटीची ती वर्षं आली. सण बंद झाला, शहर रिकामं केलं गेलं, विहारातले भिक्खू हाकलले गेले. दिसेल ते लाकूड चुलीत जात होतं. योआन आणि त्याच्या सोबत्यांनी मला तळ्याच्या गाळात पुरलं. पुरणाऱ्यांपैकी मला काढायला एकही जण परत आला नाही.

काढलं ते बायकांनी. योआनची बायको फाल्ली कमरेइतक्या चिखलात उतरली होती. सण पुन्हा सुरू होणार होता आणि वल्ही धरायला गावात पुरेसे पुरुष उरले नव्हते. पण विहाराचे कारभारी केओकाका अडून बसले.

"बाईचं पाऊल लागलं की नाव रुसते. बापजाद्यांपासून असंच आहे."

"रुसू दे की, काका," हाताचा चिखल निपटत फाल्ली म्हणाली. "नवरा रुसायचा तेव्हा समजूत काढत होतेच ना, हिचीही काढीन. का तुम्ही एकटे वल्हवताय? बसा मग. आम्ही ढोल वाजवतो!"

बायका खळखळून हसल्या. केओकाकाही हसले आणि मग पाठ फिरवून कितीतरी वेळ डोळे पुसत राहिले.

त्या वर्षी आम्ही हरलो. साफ हरलो. बायकांचे तळहात सोलवटून निघाले होते. पण राजवाड्यासमोरून जाताना काठावरचा गलका एकाएकी थांबला आणि माणसं उठून उभी राहिली. फाल्ली योआनच्या जागेवर बसली होती. शर्यत संपली तरी ती उतरेना.

पुढे मी बरीच वर्षं धावले. मग गावाला हलक्या, चपळ नावांची हौस लागली. मला तेल लावायला कुणी फिरकेना. कोंबड्या माझ्यात अंडी घालू लागल्या. एका वर्षी नवी नाव वेळेत तयार झाली नाही, म्हणून पुन्हा मला बाहेर ओढून नोम पेन्हला नेलं. भर शर्यतीत माझ्या चिरांतून पाणी आत आलं. आम्ही सगळ्यांत शेवटी पोचलो.

"म्हातारीनं आंघोळ घातली आज!" वल्हवणाऱ्या मुलांचा म्होरक्या विबोल वैतागून म्हणाला. मला राग आला नाही. रागवायलाही अंगात काहीतरी असावं लागतं.

फाल्ली मुलांचा स्वयंपाक करायला सोबत आली होती. तिचेही केस पिकले होते. विबोल तिच्याजवळ जाऊन बसला.

"मावशी, परत गावी ओढून न्यायची म्हणजे वाटेतच फुटेल ही. ते पलीकडचे हॉटेलवाले ठेवून घेतो म्हणतायत. तुम्ही म्हणाल तसं."

मला वाटलं, ती भांडेल. तिनं माझ्या कडेवर हात ठेवला.

"ठेवा. तीही दमलीय, मीही दमलेय. नेऊन काय, पुन्हा कोंबड्यांच्या हवाली करायची?" मग ती हॉटेलमालकाकडे वळली. "पण साहेब, कापायची नाही हं."

"छे छे, मावशी! काहीतरीच काय!"

नवं वर्ष लागायच्या आधीच करवत आली.

आता मी एक लांब टेबल आहे. पाहुणे माझ्यावर बियरचे ग्लास ठेवतात आणि "काय सुंदर लाकूड आहे!" म्हणतात. तेल मात्र रोज लागतं. मित्रांनो, एवढंच सांगते. जे काम करतंय, त्याला कामात असतानाच जपा. आणि थकल्यावर कुणाच्या हाती सोपवायची वेळ आलीच, तर अधूनमधून येऊन बघत जा.

पुढच्या सणाला फाल्ली आली. मालक ओशाळून म्हणाला, "मावशी, दारातून आतच येईना हो ती."

"मला विचारायचं तरी, बाबा," ती एवढंच म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली. तिनं दोन्ही हात माझ्यावर पसरले, त्यांवर डोकं टेकलं. बाहेर ढोल वाजू लागले तशी सगळी माणसं काठाकडे धावली. ती उठली नाही. तिला झोप लागली होती.

मी हलले नाही. आता मला हलता येत नाही, पण आलं असतं तरी हलले नसते.