करून राह्यली

लॅबमध्ये राधिकानं इंद्रभान गुरुजींच्या दंडाला रबरी पट्टा आवळला आणि बोटानं शीर चाचपायला लागली, तेवढ्यात तिच्या ॲप्रनच्या खिशात फोन थरथरला. तिनं लक्ष दिलं नाही. सुई शिरेत गेली, नळीत रक्त चढायला लागलं, आणि फोन पुन्हा थरथरला.

"तुहा फोन वाजून राह्यला वं," गुरुजी म्हणाले.

"वाजू द्या. तुमी मूठ सोडा."

गुरुजींनी मूठ सोडली. तिनं सुई काढून कापसाचा बोळा दाबला आणि वरून चिकटपट्टी लावली. गुरुजी उठले नाहीत. तीन वर्षांपूर्वी त्यांनीच तिला पेटीचे पहिले धडे दिले होते. अकरा रविवार ती त्यांच्याकडे गेली, बाराव्या रविवारी रोपांच्या नर्सरीचं सामान आलं, आणि बारावा धडा काही अजून झाला नव्हता.

"सराव?" गुरुजींनी विचारलं.

"करून राह्यली, गुरुजी."

गुरुजींनी तिच्या बोटांकडे पाहिलं. नखांच्या कडांना कोकोपीटचा, रोपांसाठीच्या नारळाच्या भुश्याचा, काळा मळ बसला होता, साबणानं निघत नव्हता. ते हसले नाहीत की रागावले नाहीत.

"बरं. निदान भाता तरी उघडत जाय अधूनमधून. नाईतर उंदीर कुरतडतेत," एवढं म्हणून ते पावती घेऊन निघून गेले.

राधिकाला स्वतःचाच राग आला. शुगर तपासायला आलेल्या म्हाताऱ्या माणसाशी सकाळी साडेनवाला खोटं बोलायची काही गरज होती का? पण खरं तरी काय सांगणार? पेटीवर रोपांचे रिकामे ट्रे रचून ठेवलेत, असं?

पुढचा पेशंट बसेपर्यंत तिनं टेबलाखाली फोन धरून मेसेज वाचला.

'आपला अर्ज विचारात घेता आला नाही. कारण : व्यवसाय सध्या बंद. हरकत असल्यास आज दुपारी चार वाजेपर्यंत खालील क्रमांकावर कळवावे.'

बंद! तिनं तो शब्द पुन्हा वाचला. बंद म्हणे! पहाटे पाचला उठून तिनं नव्वद ट्रेंना झारीनं पाणी दिलं होतं. मे महिन्याचं ऊन कोवळ्या रोपांना जाळून टाकतं, म्हणून सासूबाईंची चार जुनी लुगडी आणि स्वतःच्या दोन साड्या बांबूंवर ताणून बांधल्या होत्या, आणि ऊन सरकेल तशी त्यांची गाठ सोडून दुसरीकडे बांधायला लागायची. मिरची, वांगी, टमाटे. वाशीमच्या आसपासचे मळेवाले आता तिच्याकडून रोपं नेत होते. आणि पुण्यात बसलेलं कोणीतरी म्हणतं, बंद.

अर्ज साधासुधा नव्हता. पुण्याची एक संस्था जिल्ह्यातून दोनच बायका निवडणार होती. निवडलेल्यांना शेडनेट, म्हणजे सावलीच्या जाळीचा मांडव, उभारून मिळणार होतं आणि वर तीन आठवड्यांचं शिक्षण. शेडनेट आलं की लुगडी सोडायची-बांधायची कटकट संपणार होती, दुपारच्या उन्हात रोपं वाचणार होती, आणि मग कदाचित लॅबची नोकरी अर्धवेळ करता आली असती. सगळं त्या 'कदाचित'वर उभं होतं. सध्याचा हिशेब असा होता, की पगार होता म्हणून ट्रे आले, ट्रे आले म्हणून झोप गेली, आणि झोप गेली म्हणून पेटी गेली.

तिनं नंबर लावला. व्यस्त.

"मॅडम, उपाशीपोटी आली मी," समोरची बाई म्हणाली. "चक्कर येऊन राह्यली."

"बसा, बसा. हात द्या."

साडेदहाला लावला, व्यस्त. अकराला कोणी उचललाच नाही. सव्वाअकराला आतून डॉक्टरांची हाक आली, "राधिकाबाई, रिपोर्ट झाले का?" आणि तिनं फोन खिशात टाकला. भिंतीवर पाटीच होती, कामाच्या वेळी मोबाइल वापरू नये. पाटी तिच्याच अक्षरात होती. गेल्या दिवाळीत डॉक्टरांनी तिच्याकडूनच लिहून घेतली होती.

बाराला फोन आला तो मुकेशचा, तिच्या नवऱ्याचा. भाजी बाजारात टाकून तो नुकताच मळ्यात परतला होता.

"मंगरूळपीरचं गिऱ्हाईक आलं. तिखट मिरची मागून राह्यलं. कोणते ट्रे देऊ?"

"निळी चिंधी बांधली त्याले," ती दबक्या आवाजात म्हणाली.

"निळ्याबी हायेत, हिरव्याबी हायेत."

"निळीच म्हटलं ना मी! हिरवी भज्याच्या मिरचीची. दोन्हीचं रोप सारखंच दिसते, पाहून दे."

"तू घरी असती तर ही पाळीच नसती आली."

तिनं दाराकडं पाहत फोन दुसऱ्या कानाला लावला.

"खरं सांगू का राधिका, एक काई तरी धर. लॅब धर नाईतर नर्सरी धर. दोन्हीकडं पाय टाकून तुलेही तरास, आमालेही तरास."

"आन पेटी?"

"पेटी कोणाले लागते वं?" मुकेश म्हणाला. त्याच्या बोलण्यात वाईटपणा नव्हता, तो खरंच विचारत होता. म्हणूनच ते जास्त लागलं.

तिनं फोन ठेवला आणि हातमोजा इतका जोरात ओढला की तो फाटला. चीड नेमकी कोणावर काढावी तेही कळेना. मुकेशवर? तो बिचारा ट्रे उचलत होता. डॉक्टरांवर? पगार वेळेवर देत होते. सासूबाईंवर? त्यांनी तर नेसायची लुगडी काढून दिली होती. कोणीच वाईट नव्हतं, आणि तरी दिवसातून दहा वेळा तिला कोणाच्या तरी अंगावर ओरडावंसं वाटायचं. डबा तिनं तीन घासांत संपवला आणि उरलेली वीस मिनिटं नंबर लावत राहिली. व्यस्त, व्यस्त, व्यस्त.

अर्ज भरला त्या दिवशी मात्र तिला फार मजा वाटली होती. फॉर्मवर नोकरी, व्यवसाय, छंद असे रकाने होते, आणि शेवटी विचारलं होतं, येत्या पाच वर्षांत काय करायचं आहे? बाकीच्या बायकांनी मोठमोठं लिहिलं असणार. राधिकानं पेन चावत बराच विचार केला आणि लिहिलं, 'पेटीवर एक अख्खं भजन, न अडखळता.' मुकेशनं वाचून कपाळाला हात लावला होता.

तीन वाजून चाळीस मिनिटांनी तिनं ॲप्रन काढून खुर्चीवर टाकला. बाहेर चार पेशंट बसले होते.

"कुठं चालल्या?" डॉक्टरांनी आतून विचारलं.

"दोन मिनटं, सर. आज बोलली नाई तर माह्या अर्जाचं मातेरं होते."

डॉक्टर काही म्हणायच्या आत ती मागच्या दारानं बाहेर पडली आणि पाण्याच्या टाकीच्या सावलीत उभी राहिली. घंटी गेली. कोणीतरी उचललं.

"नमस्कार, बोला मॅडम." आवाज तरुण होता, पोरगी पंचविशीचीही नसावी.

"मी राधिका, वाशीमहून. माही नर्सरी तुमी बंद लिहिली. बंद नाई ते."

पलीकडे बटणं टकटकली. "मागच्या मंगळवारी मीच तुमच्याशी बोलले होते, मॅडम. तुम्हीच सांगितलंत ना, 'नोकरी करून नर्सरी राहिली.' मी तसंच लिहून घेतलंय. नोकरीमुळे नर्सरी राहून गेली."

"राहिली नाई वं बाई! राह्यली!"

"तेच ना. राहिली."

राधिकानं टाकीवर हात आपटला. "अवं, 'नोकरी करून, नर्सरी करून राह्यली' असं म्हटलं मी! तवा गाडीवर होती, आवाज तुटून राह्यला असंन."

"आवाज... राहिला?"

"माय व! तुटून राह्यला म्हंजे तुटत होता. तुटत! आता मी उभी राहून तुमच्याशी बोलून राह्यली, तर काय माहं बोलणं बंद हाये का?"

पलीकडची टकटक थांबली. मग ती पोरगी हळूच म्हणाली, "म्हणजे तुमच्याकडे 'करून राहिली' म्हणजे 'करते आहे'?"

"होय."

"अय्या! मला खरंच माहीत नव्हतं. मी इथे नवीन आहे. सॉरी हं, मॅडम. आणखी दोघीतिघींचं मी असंच लिहिलंय बहुतेक. त्यांनाही फोन करावा लागेल."

"करा. नक्की करा," राधिका म्हणाली. आणि मग, जपून, शाळेतल्या पुस्तकासारखं बोलली, "माझी नर्सरी चालू आहे. नव्वद ट्रे आहेत. आज सकाळीच पाणी दिलं आहे."

"'व्यवसाय : चालू.' केलं बघा. आता तुमचा अर्ज परत यादीत आला."

राधिका टाकीच्या कठड्यावर टेकली. तिला उगाच रडू यायला लागलं. तिनं ओढणीनं तोंड पुसलं.

"फॉर्म उघडलाच आहे तर बाकीचंही तपासून घेते," पोरगी म्हणाली. आता तिला हुरूप आला होता. "नोकरी?"

"करून राह्यली."

दोघी हसल्या.

"म्हणजे चालू. छंद, हार्मोनियम?"

राधिका थांबली. सकाळी गुरुजींना जे उत्तर दिलं तेच जिभेवर आलं होतं. गुरुजींनी नखांकडे पाहिलं होतं तेही आठवलं. पुण्याच्या ह्या पोरीला तिची नखं दिसत नव्हती. पण दिवसभर ती 'चालू' आणि 'बंद' यांसाठीच भांडत होती, आणि आता खोटं बोलायचं तिच्या जिवावर आलं.

"पेटी..." ती म्हणाली. "पेटी राह्यली, मॅडम."

"चालू. छान!" बटणं टकटकली.

"नाई, नाई, तसं नाई म्हटलं मी—"

"कळलं मॅडम, आता नाही चुकणार मी. आणि शेवटचं, पाच वर्षांत पेटीवर एक अख्खं भजन, न अडखळता. खरं सांगू? तुमचा फॉर्म मला ह्याच्यामुळेच लक्षात होता. मुलाखतीची यादी सोमवारी लागेल. ठेवू? चार वाजायच्या आत त्या बाकीच्यांना गाठते."

फोन बंद झाला. चार वाजायला अजून सात मिनिटं होती. नंबर समोर होता, एकदा बोट लावलं असतं तर लागलाही असता. राधिका स्क्रीनकडे पाहत राहिली. मग आतून डॉक्टरांनी हाक मारली आणि तिनं फोन खिशात टाकला.

संध्याकाळी ती घरी पोचली, तेव्हा सासूबाई आवडाबाई अंगणात मेथीच्या जुड्या बांधत होत्या.

"मुकेशनं भज्याच्या मिरचीचे ट्रे देल्ले त्या गिऱ्हाईकाले," त्यांनी मान वर न करता सांगितलं. "तिखट तशीच राह्यली."

"राह्यली म्हंजे, आत्याबाई?"

"राह्यली म्हंजे राह्यली. पडून हाये तिथंच. येडी झाली का आज?"

एरवी तिनं आकाशपाताळ एक केलं असतं. उद्या त्या गिऱ्हाईकाला फोन करायला लागणार होता, शिव्या खायला लागणार होत्या, ट्रे बदलून द्यायला सुट्टी मागायला लागणार होती. ती काही न बोलता आत गेली.

पेटी कोपऱ्यात होती. वर नऊ रिकामे ट्रे, त्यावर कोकोपीटची अर्धी थैली, थैलीवर मुकेशची टोपी. तिनं एकेक करून सगळं खाली उतरवलं. पेटीवरचं फडकं झटकलं तर धुळीनं तिला शिंका आल्या. भाता उघडला, आणि हवा सुराऐवजी खालच्या कोपऱ्यातून फस्सकन निघून गेली. गुरुजी बरोबर बोलले होते. उंदरानं बोटभर भोक पाडलं होतं.

तिनं पर्स उलटी केली. लॅबमधली चिकटपट्टी, हातावर लावायची, थोडी उरलेली होती. तिनं भोकावर एक पट्टी आडवी लावली, एक उभी लावली आणि अंगठ्यानं दाबून धरली, पेशंटच्या हातावरचा कापूस दाबतात तशी. मग भाता हलवला. बोट ठेवलं. घोगरा, फाटका, पण सा आला. तिनं रे लावला. ग लावताना बोट शेजारच्या काळ्या पट्टीवर गेलं. तिनं पुन्हा सा पासून सुरुवात केली.

"काय करून राह्यली वं?" आवडाबाईंनी अंगणातून ओरडून विचारलं. "ट्रेले पाणी द्याचं राह्यलं ना!"

राधिकाचा हात भात्यावर थांबला.

"पेटी शिकून राह्यली, आत्याबाई."

तिनं पुन्हा सा लावला आणि वाट पाहिली. थोड्या वेळानं अंगणातल्या हौदातून झारी भरल्याचा आवाज आला.