गाडीच्या गुलाबी क्लिपा

दातवाल्यांना दोन कामं उत्तम जमतात असं त्यांचं स्वतःचं मत होतं: लोकांचे दात करणं आणि आपलं कौतुक करणं. पैकी दुसऱ्या कामात त्यांनी कधी हयगय केली नाही.

ते डॉक्टर नव्हेत. डॉक्टर तोंडाचं माप घेऊन पाठवतात, आणि घरामागच्या खोलीत बसून त्या मापाबरहुकूम कवळ्या करतात ते दातवाले. सव्वीस वर्षं हेच काम. त्यामुळे अर्धा मिलिमीटर आपल्याला डोळे मिटूनही कळतो अशी त्यांची समजूत होती, आणि त्याच समजुतीच्या भरात त्यांनी शुक्रवारी सकाळी सासऱ्यांच्या गाडीला हात घातला.

गाडी तशी आता त्यांचीच. सासरे, म्हणजे नाना, जन्मभर बस चालवून निवृत्त झाले. ही छोटी गाडी मात्र त्यांची स्वतःची, पंचवीस वर्षं पोटच्या पोरीसारखी जपलेली. पोटची पोर म्हणजे दातवाल्यांची बायको, आणि तिच्या मते तिच्यापेक्षा गाडीलाच जरा जास्त जपलं. डोळे अधू झाले तेव्हा नानांनी किल्ली जावयाच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "हिला काही झालं तर मला सांगू नकोस. मला कळेलच."

तेव्हापासून दर रविवारी चार वाजता नाना शेजारच्या सीटवर बसतात आणि तासभर फिरून येतात. त्या तासात ते रस्त्याविषयी बोलतात, ब्रेकविषयी बोलतात. जावयाविषयी एक बरा शब्द मात्र लग्नाला तेरा वर्षं झाली तरी त्यांच्या तोंडून निघाला नव्हता. दातवाले त्या शब्दाची वाट बघत होते. कुणाला सांगत नसत, पण तेरा वर्षं बघत होते.

तर नानांच्या बाजूच्या काचेखालची लांब काळी पट्टी जरा खडखडायला लागली होती.

"अहो, मेकॅनिककडे न्या," बायको म्हणाली.

"एवढ्याशा पट्टीसाठी मेकॅनिक? पाच मिनिटांचं काम आहे."

पाच मिनिटंही लागली नाहीत. त्यांनी पट्टीखाली स्क्रूड्रायव्हर खुपसला आणि झाकण उचकटावं तशी ती उचकटली. टक, टक, टक. जुनं प्लॅस्टिक ते, वाळून कडक झालेलं. पट्टी धरून ठेवणाऱ्या सातपैकी सहा क्लिपा तुटल्या. सातवी वाचली, कारण तेवढ्यात स्क्रूड्रायव्हर हातातून निसटून पायावर पडला.

स्पेअर पार्टवाल्याने तुटका तुकडा बोटात धरून फिरवून पाहिला. "साहेब, ह्या गाडीच्या क्लिपा? ह्या गाडीचे मालक तरी उरलेत का अजून?"

"परवा रविवार आहे," घरी आल्यावर बायकोने आठवण करून दिली. जणू दातवाले दुसरा कसला विचार करत होते!

मग त्यांच्यातला कलावंत जागा झाला. विकत मिळत नाही ना, मग आपण करू! हयात गेली साचे काढण्यात. त्यांनी वाचलेल्या क्लिपेचं माप घेतलं, साचा केला, आणि कवळीच्या हिरड्यांसाठी वापरतात तो गुलाबी मसाला कालवून त्यात भरला. शिजवल्या, घासल्या, चकचकीत पॉलिश केल्या. शनिवारी सकाळी टेबलावर सहा गुलाबी क्लिपा अशा सुबक मांडून ठेवल्या होत्या की दातवाल्यांनी बायकोला मुद्दाम हाक मारून दाखवल्या.

"छान आहेत," ती म्हणाली. "टिकतील का?"

"माझ्या हातचं काम आहे!"

पहिली क्लिप दाराच्या भोकात बसवून त्यांनी वरून पट्टी दाबली. टक. दुसरी दाबली. टक. तिसरीला त्यांनी आधी गोड बोलून बघितलं. टक.

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. सव्वीस वर्षं ते जे करत आले ते वाकू नये म्हणूनच करत आले होते. क्लिपेचं सगळं कामच मुळी वाकायचं. दाबलं की दबायचं आणि आत गेलं की पुन्हा फुलायचं. हे लहान मुलालाही समजलं असतं, पण लहान मुलाला स्वतःच्या कसबाचा इतका गर्व नसतो.

मग आठवली ती तार. दोन-चारच दात बसवायचे असतात तेव्हा शेजारच्या खऱ्या दातांना धरायला स्प्रिंगच्या तारेचे आकडे करतात, ती. दातवाल्यांनी पक्कड घेतली, गुलाबी बुडख्यात तारेचे आकडे बसवले. भीतीपोटी चांगले घट्ट वळवले, पट्टी पुन्हा सुटायला नको. तर पट्टी बसेचना! एका टोकाला दाबली की दुसऱ्या टोकाला फुगायची, मध्ये दाबली की दोन्हीकडून वर यायची.

दातवाले दारापुढे पाटावर बसून होते. त्यांचे गुरू पहिल्याच दिवशी सांगायचे, आकड्याने दात धरायचा, आवळायचा नाही. आज तेच वाक्य ते हाताखालच्या प्रत्येकाला ऐकवतात, वर बोट करून. त्यांनी आकडे केसभर सैल केले. तळव्याने पट्टी हलकेच दाबली. टप्. टप्. टप्. सातही ठिकाणी पट्टी गुमान बसली.

आनंदाने ओरडायला त्यांनी तोंड उघडलं, आणि ते तसंच उघडं राहिलं. त्यांना नानांचे दात आठवले.

नानांचे वरचे पुढचे चार दात दातवाल्यांनीच केले होते, लग्नाच्या पहिल्या वर्षी. चार माणसांत सासऱ्यांचे दात पडले तर आपली काय शोभा राहील, ह्या धास्तीने आकडे आवळून वळवलेले. "चावतात रे," नाना म्हणायचे. "सवय होईल," दातवाले म्हणायचे. पुढे पुढे "तुमच्या हिरड्याच नाजूक" असंही म्हणाले. मग नानांनी सांगणं सोडलं आणि दात खिशात ठेवायला सुरुवात केली.

रविवारी चार वाजता नाना सीटवर बसले. बायको मागे. गाडी वळणावर आली, खडबडीत रस्त्याला लागली. नाना कान देऊन होते. मग त्यांनी पट्टीवरून बोट फिरवलं, वाकून कडेला डोळा लावला.

"हे गुलाबी काय आहे?"

"क्लिपा. मीच तोडल्या, मीच केल्या," दातवाल्यांनी सांगून टाकलं. "हिरडीच्या मसाल्याच्या."

"माझ्या गाडीला हिरड्या बसवल्यास?" नाना म्हणाले. मागे बायकोला हसू आवरेना. नानांनी पट्टी पुन्हा एकदा चाचपली. "आवाज नाही हो. काम चांगलं झालंय, जावईबापू."

आला. तेरा वर्षांनी तो शब्द आला! आणि दातवाल्यांना इतकी लाज वाटली की त्यांनी गाडी कडेला घेतली.

"नाना, दात आणलेत?"

नानांनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. "आहेत की. पोरीने बजावलंय, दातांशिवाय बाहेर पडायचं नाही."

दातवाल्यांनी खिशातून पक्कड काढली. आकडे केसभर सैल केले, अंगठ्याने तपासले, बाटलीतल्या पाण्याने दात धुऊन हातात दिले. नानांनी ते बसवले. जबडा इकडे हलवला, तिकडे हलवला.

"तेरा वर्षांपूर्वीच सांगत होतो," ते म्हणाले.

"हो."

"तू म्हणायचास, सवय होईल."

"चूक माझी होती, नाना. तुमच्या हिरड्यांची नव्हती."

मागे बायको नेहमीप्रमाणे पिशवीतून सफरचंद काढून वडलांसाठी पातळ फोडी करायला सुरी शोधत होती. नानांनी मागे हात केला, तिच्या हातातलं अख्खं सफरचंद घेतलं आणि कर्रकन चावा घेतला.