रोह्याच्या मैदानाची अट

मैनाने बूट काढले, मोजे त्यांत कोंबले आणि रोह्याच्या मैदानावर उजवी टाच जोरात दाबली.

"मॅडम, टेप आणलीय की आम्ही," कमळाकर लगबगीने म्हणाले. ते गावाच्या क्रीडा मंडळाचे अध्यक्ष. वय सत्तरीपुढचं, पायांत चकचकीत काळे बूट. राज्याची मुलींची मैदानी स्पर्धा रोह्यात भरावी म्हणून वीस वर्षं ते उंबरे झिजवत होते. यंदा पेण आणि रोहा ही दोनच नावं उरली होती, आणि निवड राज्य संघटनेने पाहणीला पाठवलेल्या मैनाच्या अहवालावर होणार होती.

"टेप नंतर," ती म्हणाली.

मिठागरावर अशीच परीक्षा असते. हंगामाआधी सगळं घर मिळून वाफ्याची जमीन पायांनी तुडवतं. टाच रुतली की जमीन कच्ची. पेणजवळच्या खाडीकाठी मैनाचं बालपण त्या तुडवण्यातच गेलं. काल पेणच्या मैदानावर तिची टाच रुतली, खळग्यात पाणी जमलं. आपल्या माणसांचं मैदान म्हणून तिने तीन ठिकाणी दाबून पाहिलं. तिन्हीकडे रुतली.

इथे मात्र ठसाही उठला नाही. तिचं डोकंच फिरलं.

तीस वर्षांपूर्वी याच मैदानावर, चारशे मीटरच्या रेषेवरून, याच माणसाने तिला दंडाला धरून बाहेर काढलं होतं. "अनवाणी पोरींनी नाय धावायचं. हा काय मिठाचा वाफा हाय?" सगळं मैदान हसलं होतं. बूट हवेतच असा नियम नव्हता, हे तिला पुढे पंचाची परीक्षा देताना कळलं. आज या म्हाताऱ्याला रडवायचं, हे ठरवूनच ती आली होती. 'मैदान अयोग्य' एवढं लिहिलं की झालं.

तिने अख्खी फेरी अनवाणी मारली. टाच कुठेच रुतली नाही.

"मुलींची राहायची सोय अष्टमी गावात केलीय, नदीवरचा पूल ओलांडला की झालं," कमळाकर मागून सांगत होते. "एवढं पदरात टाका, मॅडम. डोळे मिटायच्या आत बघायचंय."

ती कट्ट्यावर बसली. खोटं लिहायला हात उचलेना आणि सोडून द्यायला मन तयार होईना. शेवटी तिने भराभर लिहिलं आणि कागद पुढे केला.

'रोह्याचं मैदान योग्य.' कमळाकरांचे डोळे भरून आले. खालची ओळ ते मोठ्याने वाचू लागले.

"अट. बुटांच्या टाचांनी धावपट्टी उकरली जाते, म्हणून स्पर्धेचे चारही दिवस मंडळाचे पदाधिकारी तिच्यावर..." त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "...अनवाणी राहतील."

त्यांनी आपल्या बुटांकडे पाहिलं. मग तिच्या पायांकडे, खारात चिरून पुन्हा भरलेल्या टाचांकडे.

"तू... ती मिठागरावरची पोर?"

"व्हय," मैना म्हणाली. इतका वेळ जपलेली शाळेची भाषा तिने सोडून दिली. "स्पर्धा मे महिन्यात हाय. दुपारचं मैदान जाम तापतं."

आणि तिने बूट चढवून नाड्या घट्ट बांधल्या.