माळावरची अळंबी

नागुबाई जाऊन दहा वर्षं झाली, तरी मालुबाईच्या घरात तंबाखूचा वास यायचा. नागुबाई तिची धाकटी बहीण. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत कामाला होती, तिच्या लुगड्याला तो वास कायम असायचा. तिच्यामागं घरातलं कुणी वखारीची पायरी चढलं नव्हतं. तरी मालुबाई सूप घेऊन निवडायला बसली, की समोर कुणी येऊन टेकल्यासारखं वाटे आणि वास दाटून येई. मान वर करायची तिची छाती होत नसे.

ब्याऐंशीच्या श्रावणात बहिणीची लेक यल्लव्वा टोपलीभर अळंबी घेऊन आली. आईमागं मालुबाईनंच तिला वाढवलं होतं. आता ती सोळाची होती. कोगनोळीच्या माळावर वारुळापाशी मिळाली म्हणाली. पळसाच्या पानांवर पसरून, वर कोरडं फडकं टाकून आणलेली. ओल्या फडक्यात अळंबी बुळबुळीत होतात, हे पोरीला कुणी शिकवलं कुणास ठाऊक. या घरात दहा वर्षं ती शिजली नव्हती.

यल्लव्वानं निवडून मागितली. मालुबाईला नाही म्हणवेना. देठाची माती खरवडता खरवडता तोच वास आला आणि तिचा हात थांबला.

दहा वर्षांमागं, त्या दिवशीही तिनंच निवडली होती. तिचा स्वतःचा सोमवारचा उपवास होता, पोर न जेवताच झोपली, म्हणून एकट्या नागुबाईनं खाल्ली. अळंबी विषारी असली तर फोडणीतला लसूण काळा पडतो म्हणतात, तो पडला नव्हता. तेवढ्या खुणेवर मालुबाई निर्धास्त राहिली. दुसऱ्या दिवशी उलट्या. तिसऱ्या दिवशी बरं वाटून नागुबाईनं चहा मागितला, आणि पाचव्या दिवशी ती गेली. मालुबाईनं गल्लीत कावीळ सांगितली.

"यल्लू, तुझी आई माझ्या हातानं गेली," ती खाली बघतच म्हणाली. "इखारी छत्री माझ्या नजरंतनं सुटली."

यल्लव्वानं फडक्याची घडी घातली.

"सुटली न्हाय, मावशी. तू चिरून ठेवून पाण्याला गेलतीस. घरामागं परड्यात एक पांढरीशुभ्र उगवलती, लई देखणी. आईला आवडंल म्हणून मी मोडून त्यात टाकली." मग हळूच म्हणाली, "जेवाय बसलं की माझ्या मागं कोणतरी हुबं ऱ्हातंय."

समोर बसणारी बहीण इतकी वर्षं आपल्याकडं बघतच नव्हती, पोरीकडं बघत होती, असं मालुबाईला वाटलं.

"सहा वर्सांची हुतीस गं," एवढंच तिच्या तोंडून आलं.

टोपलीतली अळंबी चांगली होती, एकूण एक. तरी दोघींनी ती परड्यात खड्डा करून पुरली. चूल पेटलीच नाही. दुपारी शेजारच्या जयाबाईनं भाकरी आणि ठेचा पाठवला. यल्लव्वा ताटावर बसली, पण घास उचलेना. तेव्हा मालुबाई उठली आणि पोरीच्या पाठीला पाठ लावून, दाराकडं तोंड करून बसली. भाकरी संपेपर्यंत ती तशीच बसून राहिली.