पल्याडच्यांची विहीर

नागोलीच्या कोळीवाड्यात हरेश्वर पाटलाचा आवाज सगळ्यांत मोठा होता. होडीतून हाक मारली की किनाऱ्यावरची कुत्री उठून उभी राहत. म्हणूनच मिठाच्या सत्याग्रहाच्या दिवसांत दत्तात्रेय नावाचा काँग्रेसचा तरुण अलिबागेहून सभा घ्यायला आला, तेव्हा अध्यक्ष कोण, हे कुणाला विचारावं लागलं नाही.

दत्तात्रेय चांगलं बोलला, पण हळू बोलला. लोक जांभया देऊ लागले. मग अध्यक्षांना राहवेना. हरेश्वर उठला, टोपी सारखी केली आणि म्हणाला, "गोरा सायब काय म्हनतो? म्हनतो, ज्यांनी राज्य लुटलं ते कंपनीवाले कवाच मेले, माझा काय संबंध? अरं पन त्यांनी लुटलेलं खातंय कोन? तूच ना? आजानं चोरलेल्या झाडाचा आंबा नातवानं खाल्ला, तर नातवाचं तोंड चिकट व्हनारच!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. खाडीपलीकडच्या पल्याडवाडीचा तुळशीराम आपली माणसं घेऊन सभेला आला होता. तो सगळ्यांच्या मागे उभा राहून टाळ्या वाजवत होता. बाकीचे थांबले तरी तो थांबेना. शेवटी सगळ्यांनी माना वळवल्या.

"वा पाटील, वा!" तुळशीराम म्हणाला. "लाखातली गोष्ट बोललास. मग आमची विहीर कवा देतोस?"

आधी खसखस पिकली, मग सगळे पाटलाकडे बघू लागले.

गोष्ट जुनी होती, पण ठाऊक सगळ्यांना होती. पल्याडवाडीचे लोक पूर्वी पल्याड नव्हतेच. नागोलीच्या उत्तरेला, गोड्या पाण्याच्या विहिरीभोवती त्यांचा पाडा होता. आज्या-पणज्यांच्या काळात पटकीची साथ आली. यांनीच रोग आणला, असं ठरवून नागोलीकरांनी त्यांची घरं पेटवली आणि त्यांना होड्यांत घालून खाडीपार हाकललं. तिथे नुसता चिखल आणि खारं पाणी. तेव्हापासून पल्याडच्या बायका होडीनं पाण्याला येत. विहीर त्यांच्याच पूर्वजांनी खोदलेली, पण नागोलीच्या बायकांचं भरून होईपर्यंत त्यांनी बाजूला उभं राहायचं, अशी रीत पडली होती.

"ती गोष्ट येगळी," हरेश्वर म्हणाला.

"कशी येगळी?" दत्तात्रेयानं विचारलं. त्याला खरंच माहीत नव्हतं.

हरेश्वरनं खाडीकडे नजर टाकली. भरती येतेय, होड्या बघायला हव्यात, असं सांगून त्यानं सभा संपवली. भरतीला अजून पुष्कळ अवकाश होता.

घरी जेवताना तो धुसफुसत होता. "भर सभेत माझी टोपी उडवली तुळशीरामानं. मी जाळली व्हय त्यांची घरं? माझा बाप तवा रांगत बी नव्हता."

त्याची बायको केसर माशाचा तुकडा वाढत म्हणाली, "आंगऱ्यांच्या आरमारात तुमी व्हता का?"

"म्हंजे?"

"न्हाय, कुनी पावना आला की सांगता ना, आमी आरमारात व्हतो, आमी फिरंग्याचं गलबत धरलं. तवा 'आमी' असतंय. घरं जाळायची येळ आली की मात्र 'ते' व्हतंय. गलबत तेवढं तुमचं आन् जाळ त्यांचा, व्हय?"

हरेश्वरनं तुकडा खाल्ला, पण त्याला चव लागली नाही. ताटातला भात तसाच टाकून तो उठला.

दोन-तीन दिवस त्याचा आवाज बसल्यासारखा होता. मग त्यानं गाव देवळापुढे गोळा केलं आणि सरळ विषय काढला. विहिरीवरचा हक्क पल्याडवाडीला परत द्यावा, आणि गावानं जाऊन माफी मागावी.

सगळ्यांत आधी बाबाजी उसळला. हा काटकुळा माणूस गावात वाद घालण्यात पटाईत होता, आणि त्याचं म्हणणं अगदीच खोटं नसायचं. "माझा आजा तवा मुंबैला गोदीत व्हता. त्यानं काडी बी लावली न्हाय. मग मी का वाकू?"

"तू पापी हायस असं कोन म्हनतंय?"

"माफी मागायची म्हंजे तेच झालं की!"

हरेश्वर त्याच्याजवळ जाऊन बसला. मग म्हणाला, "बाबाजी, तुझ्या बापामागं होडी कुनाला मिळाली?"

"मला."

"तिच्या बुडाला भोक व्हतं. तू पाडलं व्हतंस?"

"न्हाय."

"मग बुजवलं कुनी? होडी माझी आन् भोक बापाचं, असं म्हनून दर्यात गेला असतास, तर आज वाद घालायला उरला असतास का?"

लोक हसले. बाबाजीही हसला, पण म्हणाला, "होडीची गोष्ट येगळी."

"मी बी सभेत हेच म्हनलो व्हतो," हरेश्वर म्हणाला.

बाबाजीला ते पटलं नाही ते नाहीच. पण बाकीचं गाव कबूल झालं, आणि जायला निघालं तेव्हा तोही होडीत चढला. आपण नुसतं बघायला येतोय, असं त्यानं दहा जणांना सांगितलं.

हरेश्वरनं मोठं भाषण मनात जुळवलं होतं. पण ओहोटी लागली होती. पल्याडच्या काठावर उतरताना त्याचा पाय चिखलात गेला, तो काढायला गेला तर दुसराही गेला, आणि गुडघ्यापर्यंत रुतलेला पाटील हातातला नारळ वर धरून तसाच उभा राहिला. तुळशीराम हसत हसत पुढे आला आणि त्यानं बगलेत हात घालून त्याला उपटून काढला.

"आमी रोज ह्यातनंच पान्याला जातो," तुळशीराम म्हणाला. हसतच म्हणाला, पण हरेश्वरचं सगळं भाषण तिथेच चिखलात राहिलं.

"आमच्या गावानं तुमच्या गावाचं वाईट केलं," तो एवढंच बोलला. "विहीर तुमची हाय. आमाला माफ करा."

आवाज इतका लहान निघाला, की मागच्यांना ऐकूच गेलं नाही.

सगळ्यांनी तुळशीरामच्या आईकडे, वाडीतल्या सगळ्यांत वयस्क चंद्राबाईकडे पाहिलं. म्हातारी काठावरच्याच घराच्या दारात जाळं विणत बसली होती. "माफी मी कशी देऊ?" ती म्हणाली. "ज्यांची घरं जळली ती मानसं गेली. त्यांच्या वतीनं बोलनारी मी कोन?"

हरेश्वर हातातल्या नारळाकडे बघू लागला.

मग चंद्राबाईनं सुई खाली ठेवली. "माफीचं मला कळत न्हाय. पान्याचं कळतंय. उद्या सकाळी मी येनार. पयली घागर माझी. आन् पाटील, नारळ दे इकडं. तो का हातात धरून बसलास?"

दुसऱ्या दिवशी उजाडताना नागोलीच्या बायका रिकाम्या घागरी घेऊन विहिरीवर उभ्या होत्या. एकीनंही दोर सोडला नव्हता. चंद्राबाई आली, पोहरा सोडला, पाणी काढलं, ओंजळीनं प्यायली आणि तोंड वाकडं केलं.

"किती वर्सं गाळ काढला न्हाय गं? आमची विहीर नासवलीत की!"

केसरला आधी ओशाळल्यासारखं झालं, आणि मग हसू फुटलं. मग सगळ्याच हसल्या.

त्या उन्हाळ्यात दोन्ही गावांनी मिळून गाळ उपसला. विहीर अरुंद, म्हणून सगळ्यांत बारीक माणूस आत उतरवायचं ठरलं आणि बाबाजीच्या कमरेला दोर बांधला गेला. तो आतून ओरडत होता, "ह्यातला येक कन बी मी टाकलेला न्हाय!"

"मी बी न्हाय!" वरून दोर ओढणारा तुळशीराम ओरडला. "पाटी भर!"

पावसाळा सरल्यावर तुळशीरामच्या धाकट्या भावानं जुन्या पाड्याच्या जागी कुडाचं घर उभारलं. नागोलीकरांनी वासे वाहून दिले आणि गवतानं छप्पर शाकारलं. पुढच्या वर्षी आणखी दोन घरं झाली. भांडणं व्हायचीच, मासळीवरून, जाळ्यांवरून, कोंबड्यांवरून. पण विहिरीवर जी आधी येई, ती आधी भरी.