रंगाखालचे आकडे

चष्मेवाल्याच्या दुकानात लोक दिवसभर भिंतीवरची अक्षरं वाचायचे आणि तो त्यांच्या नाकावर भिंगं बदलत राहायचा. त्यात पोटापाण्याचं भागत होतं, पण जीव होता मालगाड्यांच्या इंजिनांत. तोही सगळ्यांत नाही. आपल्या भागातली रोजची इंजिनं त्याच्या खिजगणतीत नव्हती. कुठल्या तरी लांबच्या रेल्वेचं इंजिन, उसनं दिलेलं म्हणा, विकलेलं म्हणा, आपल्या रुळांवर आलं की त्याला ‘पाहुणा’ म्हणायचं आणि त्याचा नंबर टिपायचा, हा त्याचा एकोणीस वर्षांचा उद्योग.

असले वेडे एकेकटे नसतात. त्याच्यासारख्या दोनशे जणांचा फोनवर ग्रुप होता आणि त्या ग्रुपचे नियम कोर्टापेक्षा कडक. नंबर स्वतःच्या डोळ्यांनी वाचलेला हवा. फोटोबरोबर जागा आणि वेळ हवी. आणि पाहिला त्याच दिवशी संध्याकाळी सहाच्या आत ग्रुपवर टाकायला हवा. सहा वाजून एक मिनिटानं आलेला पाहुणा कुणी धरत नसे. एकदा सासऱ्यांना दवाखान्यात पोचवण्याच्या गडबडीत त्याचा एक दुर्मीळ पाहुणा असाच बुडाला होता. सासरे वाचले, पण तो पाहुणा बुडाल्याची हळहळ चष्मेवाला अजून चारचौघांत बोलून दाखवायचा, सासऱ्यांच्या देखत.

हे खूळ त्याला लावलं ते दादानं, म्हणजे थोरल्या भावानं. दादा तिकडे डोंगराकडच्या रेल्वेत मालगाडीचा ड्रायव्हर होता. सहा वर्षांपूर्वी एका उतारावर त्याची गाडी हातातून गेली. चाळीस डबे खाली आले, दादा गेला आणि त्याचा सव्वीस वर्षांचा सहायकही गेला. चौकशी झाली आणि एका ओळीत आटोपली: चालकाने ब्रेक वेळेत लावला नाही.

ही एक ओळ वहिनींच्या गळ्यात कायमची अडकली. त्या शाळेत गणित शिकवायच्या, कुणापुढे हात पसरायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती. पण सहायकाची आई दोन गल्ल्या पलीकडे राहायची आणि वहिनी समोरून आल्या की रस्ता ओलांडून पलीकडे जायची. सहा वर्षं. वहिनींना कंपनीकडून दुसरं काही नको होतं, ती ओळ खोडून हवी होती.

आणि खोडता आली असती. त्या रेल्वेतल्या ड्रायव्हरांची एक रीत होती. इंजिनात काही बिघाड दिसला की वहीत लिहायचा, असा नियम; पण वहीची पानं साहेब लोक गाडी उशिरा सुटू नये म्हणून फाडतात, हे सगळ्यांना माहीत. म्हणून ड्रायव्हर मंडळी केबिनमधल्या अवजारांच्या कपाटाचं दार उघडून त्याच्या आतल्या बाजूला खिळ्यानं कोरून ठेवायची. पुढच्या पाळीवर येणारा आधी ते दार वाचायचा. अपघाताच्या आठ दिवस आधी दादानं घरी सांगितलं होतं, या इंजिनाचा ब्रेक उशिरा धरतो, दोनदा लेखी दिलं, शेवटी दारावर कोरलं. चौकशीत वहिनींनी ते दार मागितलं. उत्तर मिळालं की अपघातग्रस्त इंजिन भंगारात काढून कापलं आहे, दारासकट.

तर त्या शुक्रवारी सकाळी पावणेआठला चष्मेवाला यार्डावरच्या पुलावर दुर्बीण लावून उभा होता. सिमेंटच्या कारखान्याकडे जाणारी गाडी सिग्नलला थांबली. इंजिन नव्या हिरव्या रंगाचं, नंबर नवा, मालकाचं नाव नवं. कोवळं ऊन तिरपं पडलं होतं. इंजिनाच्या कुशीला जो मूळ नंबर असतो तो पत्र्यावर वेल्डिंगनं उठवलेला असतो. वरून कितीही रंग मारा, तिरप्या उन्हात तो सावली टाकतो. चष्मेवाल्यानं ती सावली वाचली. चार आकडे. मग दुर्बीण पुसून पुन्हा वाचले. दादाचं इंजिन कापलंबिपलं काही नव्हतं. डागडुजी करून, रंग फासून दूरदेशी विकलं होतं आणि ते त्याच्या पुढ्यात धूर सोडत उभं होतं.

त्याचे डोळे भरले, हे खरं. आता या माणसानं काय करायला हवं होतं ते शाळेतलं पोरही सांगेल. पण चष्मेवाल्यानं आधी फोटो काढले. गाडी कारखान्याच्या रुळांवर वळली तसा तो रिक्षा करून तिथे गेला, तारेच्या कुंपणातून आणखी फोटो काढले, हे इंजिन आता महिनाभर इथेच चुनखडीचे डबे ओढणार आहे हे फाटकावर विचारून घेतलं, मग दुकान उघडलं. दिवसभर गिऱ्हाइकांना भलतीच भिंगं लावली. त्याच्या डोक्यात एकच चाललं होतं: एवढ्या लांबून आलेला पाहुणा ग्रुपवर आजवर कुणीच टाकलेला नाही. आणि वर हा मेलेला पाहुणा, कागदावर कापून झालेला. संध्याकाळी पाच पन्नासला त्यानं जुना नंबर, नवा नंबर, कारखान्याचं नाव, वेळ, सगळं व्यवस्थित टाकलं. स्वतःची समजूतही घातली, की दोनशे लोकांनी पाहिलं म्हणजे दोनशे साक्षीदार झाले. ही समजूत त्याला टाकून झाल्यानंतर सुचली होती, आधी नाही.

अंगठ्यांचा पाऊस पडला. कुणी तरी विचारलं, हे तर कापलं होतं ना? त्यावर आणखी चाळीस जण बोलले. चष्मेवाला दोन तास हवेत होता.

आठ वाजता त्यानं वहिनींना फोन लावला. वहिनी म्हणाल्या, थांबा, माझ्या केसच्या वकीलबाईंना जोडून घेते. वकीलबाईंनी सगळं ऐकलं आणि बजावलं की सोमवारी कोर्ट उघडताच इंजिनाला कुणी हात लावू नये असा हुकूम आणते, तोवर तोंडाला कुलूप. ही गोष्ट आपल्या तिघांच्या बाहेर जाता कामा नये. चष्मेवाला हो म्हणाला. फोन ठेवून त्यानं ग्रुपवरचा फोटो पुसून टाकला आणि झाल्या गोष्टीबद्दल मूग गिळून बसला. शनिवार-रविवार इंजिन बघून यावं असं शंभरदा वाटलं, पण गेला नाही.

वहिनी रविवारी संध्याकाळी आल्या. सहा वर्षांत त्यांना एवढं बोलताना कुणी ऐकलं नव्हतं. पर्समधून त्यांनी एक घडीचा कागद काढून दाखवला. दादाच्या हातची वाणसामानाची यादी होती, अक्षर जुळवून बघायला आणलेली. येण्याआधी त्या सहायकाच्या आईच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या होत्या म्हणे, आणि तिनं आत बोलावलं होतं. चष्मेवाल्याच्या बायकोनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. चष्मेवाला उठून पाणी आणायला गेला, कुणी मागितलं नसताना.

सोमवारी अकराला हुकूम हातात पडला आणि बाराला तिघं कारखान्याच्या फाटकावर होती. फाटकवाल्यानं कागद वाचला आणि पलीकडे बोट दाखवलं. ते इंजिन शनिवारी दुपारीच भंगारवाड्यात नेलं, म्हणाला.

भंगारवाडा कारखान्याच्या मागेच होता. हिरव्या इंजिनाची चाकं एकीकडे होती, पोट एकीकडे. केबिनच्या जागी नुसती लोखंडी चौकट. गॅसकटरवाला भला माणूस होता. त्यानं काही न लपवता सांगितलं की रविवारी कधी काम नसतं, काल मात्र मुद्दाम बोलावलं, केबिन आधी काप म्हणाले, पत्रा रात्रीच्या आत भट्टीवर गेला. वकीलबाईंनी हुकूम पुन्हा पिशवीत ठेवला. वहिनी त्या चौकटीत जाऊन उभ्या राहिल्या आणि कपाट कुठे असेल ते बघू लागल्या.

तेवढ्यात एक माणूस काखेत सीटवरची उशी घेऊन जाताना दिसला. त्या इंजिनाचा आताचा ड्रायव्हर. उशी त्याची स्वतःची होती, ती न्यायला आला होता. वहिनींनी त्याला थांबवलं, आपण कोण ते सांगितलं आणि दाराचं विचारलं. त्यानं आधी इकडेतिकडे पाहिलं.

“वाचलंय की, ताई,” तो म्हणाला. “चार वर्षं रोज वाचत होतो, आधी याच मालकाच्या दुसऱ्या कारखान्यावर, आता इथे. उतारावर आधीच धरा, हा उशिरा धरतो, दोनदा लेखी दिलंय. खाली तारीख. त्या दारावर भरवसा ठेवून गाडी चालवली म्हणून मी आहे. ब्रेक कुणी दुरुस्त केलाच नाही शेवटपर्यंत.”

वहिनींनी यादी पुढे केली. यादीत ‘चहा’ या शब्दाखाली दोन रेघा ओढलेल्या होत्या.

“हेच अक्षर,” ड्रायव्हर म्हणाला. “‘आधीच’ या शब्दाखाली अशाच दोन रेघा होत्या.”

वकीलबाईंनी लगेच विचारलं, हे कोर्टात सांगाल का. त्यानं नकारार्थी मान हलवली. घरात दोन मुली आहेत, म्हणाला, आणि नोकरी ही एकच. शिवाय दारच नाही तर माझ्या बोलण्याला कोण विचारतो. ते वकीलबाईंनाही पटलं, त्यांनी आग्रह केला नाही. जाताना तो वळला आणि सहज म्हणाला, “त्या फोटोनं घोळ केला, ताई. शुक्रवारी रात्री साहेबांच्या फोनवर आला होता. जुन्या नंबरासकट, आमच्या कारखान्याच्या नावासकट. हा कुणी काढला म्हणून मलाच दम देत होते.”

वकीलबाईंनी चष्मेवाल्याकडे पाहिलं. वहिनींनी पाहिलं नाही. त्या यादीची घडी घालत होत्या, जुन्याच घड्यांवर.

“भावजी, इंजिन तुम्हाला किती वाजता दिसलं?”

“पावणेआठला. सकाळी.”

“आणि मला फोन केलात आठला. रात्री.”

चष्मेवाल्याला पुष्कळ बोलायचं होतं. साक्षीदारांचं बोलायचं होतं, फोटो लगेच पुसल्याचं बोलायचं होतं, दादासाठी आपणही सहा वर्षं किती रडलो तेही बोलायचं होतं. तोंडातून निघालं ते भलतंच.

“सहाच्या आत टाकावं लागतं, वहिनी.”

वहिनींनी यादी पर्समध्ये ठेवली आणि चेन ओढली.

“त्या सहायक पोराच्या आईला मी दार दाखवते म्हणून सांगून आलेय,” त्या म्हणाल्या. “त्या वाट बघत असतील.”

मग त्यांनी वकीलबाईंना परतीच्या गाडीची वेळ विचारली. दोघी फाटकाकडे चालू लागल्या. चष्मेवाला दोन पावलं मागे निघाला, तेव्हा वहिनी न वळता म्हणाल्या की स्टेशनपर्यंत यायची गरज नाही, रस्ता कळलाय.